पिवळं म्हणजे पाऊस की दुष्काळ?

अमरावतीला आईसोबत साडी घ्यायला गेलं की एक प्रसंग ठरलेला असतो. गादीवर पंधरा साड्या उलगडून झालेल्या असतात, दुकानदार 'ताई, हा रंग तुमच्यावर खुलते पाहा' म्हणत असतो, आणि आई त्यातली एक उचलून थेट दुकानाच्या दाराशी जाते. पदर खांद्यावर टाकते, उन्हात धरते. मग परत येते, ती साडी बाजूला ठेवते आणि दुसरी उचलते. लहानपणी मला याचा वैताग यायचा. एकदा विचारलं तर म्हणाली, "दुकानातल्या लाइटीत सारेच रंग चांगले दिसतेत. दारात नेऊन पाय."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझ्या कामाचा बराचसा भाग आकड्यांचे आलेख काढण्यात जातो. त्यासाठी मी 'आर' नावाची संगणकभाषा वापरतो. ही भाषा मुळात संख्याशास्त्रासाठीच बनली. तिच्यात रंगांच्या तयार पट्ट्या मिळतात, म्हणजे आलेखात किंवा नकाशात वापरायला आधीच जुळवून ठेवलेले रंग. पॅलेट म्हणतात त्यांना. अशा शेकडो पट्ट्या आहेत आणि त्यातली एक निवडायची असते. म्हणून निवडण्याआधी बघायची सोयही असते: एक आज्ञा दिली की सगळ्या पट्ट्या एकाखाली एक मांडून येतात, दुसरी दिली की त्या रंगांत काढलेले नमुन्याचे आलेख येतात.

हा लेख म्हणजे त्या नमुन्यांची समीक्षा आहे. सिनेमाची होते, कादंबरीची होते, मग यांची का नको? हवामानाचा नकाशा असो की निवडणुकीचा, तुमच्या फोनवर तो येतो तेव्हा त्याचे रंग कुणीतरी, कुठेतरी, असाच एखादा नमुना बघून ठरवलेले असतात. त्या नमुन्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावर तुमचा समज किंवा गैरसमज अवलंबून असतो. माझ्या घरातच तो झाला, आणि चूक माझी होती.

अकोटचा फोन

माझे मोठे बाबा अकोट तालुक्यात शेती करतात. कपाशी आणि सोयाबीन. एका जूनमध्ये मी हौसेनं अकोला जिल्ह्याचा पावसाचा नकाशा काढला. सात तालुके: अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी. आकडे कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावरून घेतले, तिथे रोजचा पाऊस तालुकावार मिळतो. रंगांसाठी 'विरिडिस' ही पट्टी लावली आणि नकाशा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत फोन. "काऊन बे, आपल्या तालुक्याले तं वायलेलं दाखोलं तू? इकडे तं पाऊस चांगला झाला."

नकाशात अकोट झगझगीत पिवळं होतं. विरिडिसमध्ये पिवळं म्हणजे सगळ्यात जास्त. सगळ्यात कमी म्हणजे गडद जांभळं. मध्ये निळं, मग हिरवं. मी समजावून सांगायला गेलो तर ते म्हणाले, "पीक वायलं का पिवयं होते. रोग आला का पिवयं होते. पाऊस आल्यावर पिवयं काय होते रे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडलेला ज्यानं पाहिलाय, त्याला पिवळा रंग 'भरपूर' म्हणून दाखवणं हा उलटा कारभारच होता. कोपऱ्यात रंगांची सूची होती, पण ती इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. व्हॉट्सॲपमधून जाताना फोटो दाबला गेला आणि उरलीसुरली अक्षरंही पुसट झाली.

नंतर लक्षात आलं ते आणखी वाईट होतं. अकोटचा पाऊस मोठ्या बाबांनी स्वतः अंगावर घेतलेला होता म्हणून त्यांनी चूक पकडली. बाळापूरचा त्यांना माहीत नव्हता. तिथे नकाशा जांभळा होता, म्हणजे पाऊस कमी. पण त्यांनी ते 'पाणीच पाणी' असं वाचलं आणि काही विचारलं नाही. जिथे आपल्याला आधीच माहीत असतं तिथे नकाशाची चूक कळते. जिथे माहीत नसतं, म्हणजे जिथे नकाशाची खरी गरज असते, तिथे ती कळत नाही.

विरिडिसची बाजू

विरिडिसवर राग काढणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. तिच्याआधी वैज्ञानिक आलेखांवर 'जेट'चं राज्य होतं. निळा, आकाशी, पिवळा, लाल अशी ती इंद्रधनुष्यी पट्टी. तिच्यात उजळपणा मध्येच चढतो आणि मध्येच पडतो, त्यामुळे आकड्यांत नसलेल्या कडा डोळ्यांना दिसतात. पायथॉनच्या मॅटप्लॉटलिब या आलेखसंचासाठी स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथनिएल स्मिथ यांनी २०१५ मध्ये विरिडिस मांडली आणि २०१७ च्या आवृत्तीपासून ती तिथे मूळची पट्टी झाली. सिमोन गार्निए यांच्या पॅकेजमुळे ती आरमध्येही आली. हिचा गुण एकच आणि मोठा: आकडा वाढतो तसा उजळपणा एकसारखा वाढतो. रंग ओळखायला अडचण असलेल्यांनाही ती वाचता येते, कृष्णधवल छापली तरी क्रम टिकतो.

मग ती अकोटात का पडली? कारण ती 'उजळ म्हणजे जास्त' असं मानते. पांढऱ्या कागदावर नकाशे बघत वाढलेल्या माणसाचा डोळा बहुतेकदा उलटं मानतो: गडद म्हणजे जास्त. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॅरेन श्लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केलेत आणि हा कल त्यांनाही सापडलाय. त्यात विषय पावसाचा. पाणी म्हटलं की निळं, कोरडं म्हटलं की पिवळट-तपकिरी, ही जोडी शाळेच्या भूगोलापासून डोक्यात बसलेली. माझ्या नकाशात दोन्ही गोष्टी एकदमच उलट्या झाल्या. पट्टी उलटवायला आरमध्ये एक उणे चिन्ह पुरतं. ते लावायचं मला सुचलं नाही, कारण मी ज्या नमुन्यांवर ती पाहिली, त्यांत ती सुंदरच दिसत होती.

नमुने काय दाखवतात

सगळ्यात साधा नमुना म्हणजे नुसत्या पट्ट्या. 'आरकलरब्रूअर' पॅकेजमध्ये एका आज्ञेत ३५ पट्ट्या पडद्यावर येतात: कमी-ते-जास्त क्रमाच्या १८, वेगवेगळे गट दाखवायच्या ८ आणि मधल्या बिंदूपासून दोन बाजूंना जाणाऱ्या ९. बघायला छान, पण साडीच्या दुकानातल्या कपाटासारखं. घड्या दिसतात, साडी दिसत नाही. चौकोनात शेजारी-शेजारी ठेवलेले दोन हिरवे सहज वेगळे कळतात. तेच नकाशात एक तेल्हाऱ्याला आणि दुसरा धामणगावला लावा, मध्ये दहा तालुके येऊ द्या, आणि मग सांगा कोणता कोणता.

या पट्ट्या जिथून आल्या ते कलरब्रूअर संकेतस्थळ मात्र वेगळ्या जातीचं आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या भूगोलाच्या प्राध्यापक सिंथिया ब्रूअर आणि त्यांचे सहकारी मार्क हॅरोवर यांनी २००२ च्या सुमारास ते बनवलं. तिथे पट्टी निवडली की ती लगेच काउंट्यांच्या एका नकाशावर चढते, आणि तो नकाशा मुद्दाम त्रासदायक बनवलेला आहे. एका भागात रंग क्रमानं लागतात, दुसऱ्या भागात विस्कटलेले येतात, आणि एकसारख्या रंगाच्या घोळक्यात मध्येच एखादा परका ठिपका ठेवलेला असतो. तो तुम्हाला सापडला नाही तर पट्टी नापास. वीस वर्षं उलटली, तरी याहून प्रामाणिक नमुना मी पाहिलेला नाही. बाकीचे नमुने पट्टीला नटवतात. हा तिची परीक्षा घेतो.

आरमधलं 'कलरस्पेस' हे पॅकेज या दोघांच्या मध्ये बसतं. आखिम त्साइलाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. रंगाकडे संगणकाच्या लाल-हिरवा-निळा या हिशेबाऐवजी डोळ्याच्या हिशेबानं बघायचं, म्हणजे छटा कोणती, भडकपणा किती आणि उजळपणा किती, हा त्यांचा आग्रह. त्यातली 'डेमोप्लॉट' ही आज्ञा एकच पट्टी नऊ प्रकारांत दाखवते: नकाशा, हीटमॅप, ठिपके, स्तंभ, पाय चार्ट, रेषा वगैरे. इथे एक महत्त्वाची गोष्ट आपोआप शिकायला मिळते. स्तंभांत शोभलेली पट्टी रेषांत मरते, कारण बारीक रेषेत फिकट रंग पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. आणि ठिपक्यांत चाललेले भडक रंग नकाशात लावले की अख्खा तालुका अंगावर येतो.

त्यातल्या हीटमॅपमध्ये एक टेकडी दिसते. आर शिकलेल्या प्रत्येकानं ती कधी ना कधी पाहिलेली असते. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातला माउंगा व्हाउ हा विझलेला ज्वालामुखी, ८७ गुणिले ६१ चौकटींत मोजलेला. ती टेकडीच का? कारण आर जन्मली ऑकलंड विद्यापीठात, आणि तिच्या दोन कर्त्यांपैकी एक, रॉस इहाका, यांनीच त्या टेकडीचे आकडे कागदी नकाशावरून संगणकात उतरवले. म्हणजे आज जगभर जो 'प्रमाण नमुना' म्हणून वापरला जातो, तो मुळात एका माणसानं आपल्या गावची टेकडी घेऊन केलेला नमुना आहे.

मला यात दोष दिसत नाही, उलट सल्लाच दिसतो. त्यांनी त्यांची टेकडी घेतली. आपण त्यांचीच का घ्यायची? टेकडीचा चढ गुळगुळीत असतो. शेजारच्या चौकटीपेक्षा फार वेगळा आकडा तिथे येत नाही, माहिती गहाळ नसते, उंचीला शुभ-अशुभ नसतं. वऱ्हाडातला पाऊस असा नसतो.

चिखलदऱ्यानं रंग खाल्ले

म्हणून मी स्वतःचा नमुना केला. अमरावतीचे १४ आणि अकोल्याचे ७, असे २१ तालुके. पट्टी उलटवली, फिकट पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत नऊ छटा घेतल्या. चौकोनांत बघितलं, सुंदर. टेकडीवर लावलं, सुंदर. एका पूर्ण पावसाळ्यावर लावलं आणि अख्खा अकोला जिल्हा एकाच फिकट रंगात बुडाला.

कारण चिखलदरा. मेळघाटात पाऊस पठारापेक्षा खूप जास्त पडतो. हिशेब सोपा करून सांगतो. समजा १९ तालुक्यांचा पाऊस ५५० ते ८५० मिलिमीटरच्या मध्ये आहे, धारणी ११०० आणि चिखलदरा १६००. पाचशे ते सोळाशेचे नऊ समान भाग केले की एक भाग साधारण १२२ मिलिमीटरचा होतो. मग १९ तालुके पहिल्या तीन छटांत कोंबले जातात, धारणी आणि चिखलदरा एकेक छटा घेतात, आणि चार छटा कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. पट्टीत नऊ रंग होते, नकाशात पाच उरले. तेल्हारा आणि मूर्तिजापूर यांच्यातला फरक, जो शेतकऱ्याला हवाय, तो एका धुरकट पिवळ्यात विरून गेला.

यावर उपाय आहेत, पण फुकट एकही नाही. प्रत्येक रंगाला सारखेच तालुके वाटायचे, २१ चे सात गट, तीन-तीनचे. मग नकाशा रंगीबेरंगी आणि बोलका होतो, पण कधी कधी पाच मिलिमीटरचा फरक दोन रंगांत तुटतो आणि पाचशेचा फरक एकाच रंगात बसतो. किंवा शेवटचा गट मोकळा सोडायचा, 'हजाराच्या वर', आणि चिखलदरा त्यात जाऊ द्यायचा. मी हा उपाय घेतला, कारण चिखलदऱ्यात धो-धो पाऊस पडतो हे सगळ्यांना माहीतच आहे. ते सांगण्यात अर्धी पट्टी घालवण्यात अर्थ नाही.

मुद्दा असा की हा प्रश्न मला टेकडीनं विचारलाच नव्हता. तो विचारायला चिखलदराच लागला.

हवामान विभागाची पट्टी

आता जी पट्टी आपण सगळे दर पावसाळ्यात बघतो, तिच्याकडे येऊ. भारतीय हवामान विभाग जिल्हावार नकाशा काढतो, सरासरीपेक्षा पाऊस किती टक्के कमी-जास्त झाला याचा. त्याची सूची अशी: ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर गडद निळा, २० ते ५९ जास्त असेल तर फिकट निळा, उणे १९ ते अधिक १९ म्हणजे 'सरासरीइतका', तो हिरवा, उणे २० ते उणे ५९ ही तूट, ती लाल, उणे ६० ते उणे ९९ ही मोठी तूट, ती पिवळी, पाऊसच नाही तो पांढरा, माहिती नाही तो राखाडी.

एकदा परत वाचा. तूट लाल आहे आणि त्याहून मोठी तूट पिवळी आहे. सिग्नलपासून गॅस सिलेंडरपर्यंत सगळीकडे लाल म्हणजे सर्वांत वाईट, असं आपण शिकलोय. इथे तुमचा जिल्हा लालवरून पिवळ्यात गेला तर परिस्थिती सुधारली नाही, बिघडली.

या क्रमाला काहीच तर्क नाही असं नाही. लाल, पिवळा, पांढरा असा तो रंग उडत जाण्याचा क्रम मानता येतो, ओल जावी तसा. पण तो तर्क समजावून सांगितल्यावरच कळतो, आणि जो रंग समजावून सांगावा लागतो त्यानं आपलं काम केलेलं नसतं.

दुसरी गोम त्याच विभागाच्या दुसऱ्या रंगपट्टीत आहे. जोरदार पावसाच्या इशाऱ्यांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे चार रंग आहेत. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. म्हणजे जुलैच्या एकाच सकाळी, एकाच फोनवर, एका चित्रात पिवळं म्हणजे 'पाऊस येऊ शकतो, सावध' आणि दुसऱ्या चित्रात पिवळं म्हणजे 'पावसानं पार दगा दिला'. एकीकडे लाल म्हणजे अति झालं, दुसरीकडे लाल म्हणजे कमी पडलं. दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी चालतील. दोन्ही एकत्र ठेवून नमुना बघितला असता तर हा गोंधळ पाच मिनिटांत दिसला असता.

तिसरी गोष्ट रंगांपेक्षा रेघांची आहे. जुलैअखेर एखाद्या जिल्ह्याची सरासरी ३५० मिलिमीटर धरा. २८४ पडला तर उणे १९, हिरवा. २८० पडला तर उणे २०, लाल. चार मिलिमीटरमध्ये 'ठीक आहे'चं 'संकट आहे' होतं. उलट २८४ आणि ४१५ हे दोन्ही एकाच हिरव्यात, मधला फरक १३१ मिलिमीटर. गटांच्या रेघा कुठेतरी माराव्याच लागतात, हे मान्य. पण एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला थेट लाल ठेवला की रेघेची भिंत होते.

आणि देशाच्या ३६ उपविभागांच्या नकाशात तर अकरा जिल्ह्यांचा विदर्भ एकाच रंगात येतो. गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पाऊस मुळातच जास्त. तिकडे चांगला झाला की विदर्भ हिरवा होऊ शकतो, मग खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावात भेगा पडलेल्या असल्या तरी.

हवामान विभागाकडे मोजमाप आहे, शिस्त आहे, उपविभागांच्या नकाशात टक्केही छापलेले असतात. इतक्या वर्षांच्या सवयीची पट्टी बदलली तर जुने नकाशे आणि नवे नकाशे शेजारी ठेवून वाचता येणार नाहीत, ही अडचणही खरी. तरी दोन पिवळ्यांपैकी एक बदलायला हवा असं मला वाटतं. तूट दाखवायला फिकट नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत जाणारे रंग घ्यावेत आणि इशाऱ्यांचे चार रंग इशाऱ्यांसाठीच ठेवावेत.

झेरॉक्स, ऊन आणि रूममेट

कलरब्रूअरवर तीन खुणा निवडता येतात: रंगांधांना चालेल, छापता येईल, फोटोकॉपीत टिकेल. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात तिसरी खूण जुनाट वाटेल. तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या रांगेत उभं राहिलेल्याला वाटणार नाही. पीकविम्याच्या कागदांपासून बातमीच्या कात्रणापर्यंत सगळं तिथे काळं-पांढरं होतं.

कलरस्पेसमध्ये रंग काढून टाकून फक्त उजळपणा दाखवायची आज्ञा आहे. मी हवामान विभागाच्या सूचीसारखे रंग घेऊन ती चालवली. उजळपणा शून्य ते शंभर मोजला तर शुद्ध पिवळा ९७ येतो, म्हणजे जवळपास पांढरा. शुद्ध लाल ५३. निळा जरा उघडा घेतला की तोही लालच्या आसपास येतो. म्हणजे झेरॉक्समध्ये 'मोठी तूट' कागदाच्या पांढऱ्यात हरवते, आणि 'तूट' आणि 'खूपच जास्त पाऊस' हे जवळजवळ एकाच राखाडीत उतरतात. दुष्काळ आणि पूर एकाच रंगाचे.

तीच सूची मी हॉस्टेलमधल्या माझ्या जुन्या रूममेटला पाठवली. त्याला लाल-हिरव्यात गल्लत होते. उत्तर ओडिशाच्या किंवा युरोपच्या कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा थेट आलं: "दोन्ही मातीचेच रंग आहेत. एक जरा फिकट माती, एक जरा काळी." युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण आठ टक्क्यांना अशी अडचण असते. आपल्याकडे प्रमाण कमी सापडतं, पण गावात पाचशे पुरुष धरले तर त्यात असे काही जण असणारच, आणि त्यातल्या कित्येकांना स्वतःलाही ते माहीत नसतं. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी अशा डोळ्यांसाठी आठ रंगांचा संच बनवला. २०२० मध्ये आरची चौथी आवृत्ती आली तेव्हा गटांचे रंग देणाऱ्या नव्या आज्ञेनं तोच संच पहिला म्हणून घेतला. त्याच आवृत्तीत आरचे जुने मूळ रंगही, तो डोळ्यांत घुसणारा लाल आणि पडद्यावर न दिसणारा पिवळा, बदलले गेले. रंग बदलता येतात, याचा हा पुरावा.

एक परीक्षा मात्र कुठल्याच पॅकेजमध्ये नाही: दुपारी बारा वाजता, धुऱ्यावर उभं राहून, बॅटरी वाचवायला कमी केलेल्या ब्राइटनेसवर, तडा गेलेल्या काचेतून नकाशा वाचणं. मी फोन घेऊन गच्चीवर जातो आणि बघतो. माझ्या नऊ छटांपैकी तिथे चारच उरल्या. तेव्हापासून मी पाचाच्या वर जात नाही.

शेवटचा नकाशा

एवढं सगळं करून मी नवा नकाशा मोठ्या बाबांना पाठवला. पाच छटा, फिकट ते गडद निळं, सूची मराठीत आणि मोठ्या अक्षरात, झेरॉक्स करून पाहिलेला, रूममेटनं पास केलेला. खरं सांगायचं तर कौतुकाची वाट बघत होतो.

ते म्हणाले, "रंग राहू दे बाबू. मिलिमीटर लिही त्याच्यात."

कारण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. आधी पेरलं आणि खंड पडला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं आणि मजुरी पुन्हा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरासरी १५ मिलिमीटर असेल आणि ३० पडला, तर टक्केवारीच्या नकाशात जिल्हा गडद निळा होतो: शंभर टक्के जास्त! पण त्या निळ्यावर विश्वास ठेवून तिफण काढली तर बी मातीत जाईल. त्यांना तालुक्यांची तुलना नको होती, सरासरीशीही नको होती. त्यांना हवं होतं: पेरू की थांबू.

मी पाच छटा काढून तीन ठेवल्या. ७५ च्या खाली, ७५ ते १००, १०० च्या वर. प्रत्येक तालुक्यावर आकडा मोठा लिहिला. दिसायला हा नकाशा माझ्या सगळ्या नकाशांत साधा, कुठल्याही नमुन्याच्या गॅलरीत शोभणार नाही असा.

त्यांनी तो उघडला, चष्मा कपाळावर सरकवून फोन जवळ धरला, आणि म्हणाले, "म्हंजे सोमवारपर्यंत थांबा लागते." मग फोन खिशात टाकून बैलांना पाणी दाखवायला गेले.